स्टॅनफर्ड विद्यापीठ महिला बास्केटबॉल संघ

स्टॅनफर्ड विद्यापीठ महिला बास्केटबॉल संघ : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या दक्षिणेस असलेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा विद्यार्थिनींचा प्रातिनिधिक संघ. दोन विद्यापीठांच्या स्त्रीसंघांमधील पहिला बास्केटबॉल सामना ४ एप्रिल १८९६ रोजी खेळला गेला व तो या संघाने जिंकला. त्यानंतर तीनच वर्षांनी विद्यापीठाने आपल्या विद्यार्थिनींना बाहेरच्या संस्थांशी सामने खेळण्यास मनाई केली. पूर्ण मान्यता असलेला संघ पुन्हा उभा राहण्यास १९७४ साल उजाडावे लागले. पुढे १९९०, १९९२ व २०२१ या वर्षी त्याने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. या संघाचा इतिहास जयापजयांचा आहेच; परंतु विद्यार्थिनीने मैदानावर किती धावावे, कोणासमोर धावावे आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या दीर्घकाळ चाललेल्या वादाचाही तो इतिहास आहे.

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या (वायएम्‌सीए) प्रशिक्षणशाळेत सुरू केला. हिवाळ्यात बंद व्यायामशाळेत खेळता यावा, म्हणून सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर दोन टोपल्या टांगून त्याने तेरा नियम तयार केले. हे नियम छापले गेले, त्यानंतर काही महिन्यांच्या आतच त्याच राज्यातील स्मिथ या स्त्रियांच्या महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन या व्यायामशिक्षिकेने ते वाचले व हा खेळ आपल्या विद्यार्थिनींपुढे ठेवला. तेथील पहिल्या व दुसऱ्या वर्षांच्या वर्गांतील सामना १८९३ च्या मार्चमध्ये झाला. तो पाहण्यास पुरुषांना मज्जाव होता.

बेरेन्सनबाईंनी नेस्मिथच्या नियमांत केलेल्या फेरफारांचा परिणाम पुढे सुमारे ऐंशी वर्षे टिकला. त्यांनी मैदानाचे आडवे तीन भाग पाडले आणि ज्या खेळाडूला जो भाग नेमून दिला असेल, त्याबाहेर तिने पाऊल टाकू नये, असे ठरविले. प्रतिपक्षाच्या हातातील चेंडू हिसकावून घेणे निषिद्ध होते. चेंडू तीन सेकंदांपेक्षा अधिक काळ धरता येत नसे आणि तीनपेक्षा अधिक टप्पे देत पुढे नेता येत नसे. आट्यापाट्यांचा खेळ ज्याने पाहिला आहे, त्याला या रचनेची कल्पना सहज येईल. पाटी धरणारा गडी जसा आपल्या पाटीपुरता बांधलेला असतो, तशी ही खेळाडू आपल्या पट्ट्यापुरती बांधलेली असे. फरक एवढाच, की आट्यापाट्यांत हे बंधन एका पक्षावर असते व दुसरा पक्ष त्यातून वाट काढतो. येथे ते दोन्ही पक्षांवर सारखेच होते. अतिश्रमाने हृदयावर ताण पडतो व धक्काबुक्कीने स्त्रीसुलभ मर्यादा सुटते, ही त्या काळची सार्वत्रिक समजूत या फेरफारांच्या मुळाशी होती. बेरेन्सनबाईंना यासाठी सरसकट दोष देणे न्याय्य होणार नाही. हातात चेंडू घेऊन मुलींनी पळावे हीच कल्पना जेथे धाडसाची वाटत होती, तेथे बंधनांच्या आडोशानेच हा खेळ टिकून राहिला, असेही म्हणता येईल. इंग्लंडमध्ये १८९० नंतरच्या दशकात या खेळाचे जे रूप रुजले, त्यातून नेटबॉल निर्माण झाला व ब्रिटिश साम्राज्यातील कन्याशाळांतून पसरला. खेळाडूंना मैदानाचे ठराविक भाग नेमून देण्याची पद्धत नेटबॉलमध्ये आजही कायम आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठ १८८५ मध्ये स्थापन झाले व १ ऑक्टोबर १८९१ रोजी प्रत्यक्ष सुरू झाले. लीलंड व जेन स्टॅनफर्ड या दांपत्याने आपल्या अकाली निवर्तलेल्या मुलाच्या स्मरणार्थ ते उभारले होते व प्रारंभापासून तेथे मुलामुलींना एकत्र प्रवेश होता. पूर्वेकडील जुन्या व नामवंत विद्यापीठांशी तुलना करता ही गोष्ट पुरोगामी होती. मराठी वाचकांना त्या काळच्या अमेरिकन स्त्रीशिक्षणाची पहिली सविस्तर ओळख पंडिता रमाबाईंच्या १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तामुळे झाली. १८८८ च्या अखेरीस त्या ज्या सॅन फ्रॅन्सिस्को बंदरातून स्वदेशी परतण्यासाठी निघाल्या, त्याच शहरात आठ वर्षांनी हा सामना व्हावयाचा होता. रमाबाईंनी अमेरिका सोडली, तेव्हा बास्केटबॉल जन्मालाही आला नव्हता.

स्टॅनफर्डच्या पहिल्या काही वर्षांत तेथे शिकलेल्या क्लेलिया मोशर यांचे संशोधन या विषयाशी निकटचे आहे. पुरुष पोटाने व स्त्रिया छातीने श्वास घेतात आणि हा भेद निसर्गदत्त आहे, असे त्या काळी वैद्यकाच्या पुस्तकांतून सांगितले जाई. मोशर यांनी १८९४ मध्ये आपल्या एम्. ए. च्या प्रबंधात दाखवून दिले, की हा भेद निसर्गाने नव्हे, तर आवळलेल्या काचोळीने (कॉर्सेटने) निर्माण केलेला आहे. पोशाख सैल केला, की स्त्रीही पुरुषाप्रमाणेच श्वास घेते. दोन वर्षांनी त्याच विद्यापीठाच्या मुली काचोळी उतरवून मैदानात उतरल्या.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (बर्कली) संघाशी झालेल्या या सामन्यासाठी सॅन फ्रॅन्सिस्कोतील एका शस्त्रागारगृहाचे मोठे दालन घेण्यात आले. पुरुषांसमोर खेळणार नाही, ही बर्कलीच्या संघाची अट होती. त्यामुळे प्रेक्षकवर्ग सर्वस्वी स्त्रियांचा होता व त्यांची संख्या सुमारे ७०० होती. प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू होत्या. त्यांचा पोशाख म्हणजे लोकरी सदरा व गुडघ्यांखाली आवळलेली सैल विजार, ज्यास तेथे ब्लूमर म्हणत. स्टॅनफर्ड संघाची कर्णधार स्टेला मॅक्रे ही होती. वृत्तपत्रांनी या सामन्याची जी वर्णने छापली ती काहीशी चटकदार आहेत. बंदी असलेले पुरुष छपरावर चढून व खिडक्यांतून डोकावून पाहू लागले, तेव्हा आतील स्त्रियांनी काठ्या घेऊन त्यांना पिटाळले, असे त्यांत म्हटले आहे. टोपली निसटल्यामुळे ती नीट बसविण्यास दोन कामगारांना आत घ्यावे लागले, त्यावेळी बर्कलीच्या मुली किंचाळून एका कोपऱ्यात गोळा झाल्या, असाही उल्लेख आढळतो. अशा वर्णनांत थट्टेचा भाग किती व सत्य किती, हे ठरविणे अवघड असले, तरी वार्ताहरांचे लक्ष खेळापेक्षा खेळाडूंच्या वेशाकडे व संकोचाकडे अधिक होते, हे त्यांवरून स्पष्ट दिसते. सामना स्टॅनफर्डने २–१ असा जिंकला. आजच्या वाचकास ही गुणसंख्या फुटबॉलची वाटेल. परंतु बांधलेल्या पट्ट्यांत नऊ-नऊ जणींची दाटी असताना आणि टोपली अद्याप बंद बुडाची असताना याहून वेगळे काही घडणे कठीण होते.

या विजयाने स्टॅनफर्डमध्ये मोठा आनंद व्यक्त झाला. परंतु ज्या प्रसिद्धीमुळे तो आनंद वाढला, तीच पुढे संघाच्या मुळावर आली. विद्यार्थिनींची नावे वृत्तपत्रांत छापून यावीत व त्यांच्या पोशाखाची चर्चा व्हावी, हे अधिकाऱ्यांना रुचले नाही. १८९९ मध्ये विद्यापीठाच्या अध्यापकांच्या क्रीडासमितीने विद्यार्थिनींच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांवर बंदी घातली. खेळाडूंचे आरोग्य व अनिष्ट प्रसिद्धी अशी दोन कारणे त्यासाठी देण्यात आली. पुरुषांच्या फुटबॉल सामन्यांत त्या काळी हाडे मोडत, क्वचित जीवही जात. तथापि आरोग्याचा हाच निकष त्यांना लावून स्टॅनफर्डने त्याच वेळी तो खेळ बंद केला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. हा निर्णय सुटा नव्हता. त्याच १८९९ साली जेन स्टॅनफर्ड यांनी एका वेळी ५०० पेक्षा अधिक विद्यार्थिनींना विद्यापीठात प्रवेश असू नये, अशी मर्यादा घालून दिली. विद्यार्थिनींचे प्रमाण झपाट्याने वाढत होते आणि मुलाच्या नावाचे विद्यापीठ लोकांच्या दृष्टीने स्त्रियांचे विद्यापीठ ठरेल, अशी त्यांना धास्ती वाटत होती. ही मर्यादा १९३३ पर्यंत कायम होती.

बंदीनंतर खेळ थांबला नाही. तो आवारापुरता उरला. निरनिराळ्या वर्षांच्या वर्गांतील सामने, व्यायामाचे तास, वार्षिक क्रीडादिन असे त्याचे स्वरूप होते. मोशर १९०० मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन १९१० मध्ये स्टॅनफर्डला परत आल्या व विद्यार्थिनींच्या वैद्यकीय सल्लागार झाल्या. मासिक पाळीच्या काळातील दुर्बलता ही बव्हंशी आवळ पोशाख, बैठे जीवन व ‘आपण दुर्बल आहोत’ हे लहानपणापासून मनावर बिंबविलेले मत यांतून येते, असे प्रतिपादन करून त्यांनी त्यासाठी पोटाच्या व्यायामांचा एक क्रम तयार केला. शास्त्र एका बाजूने असे मोकळीक देत होते. संस्था मात्र जागच्या हलत नव्हत्या.

त्यातही विशेष म्हणजे, स्पर्धात्मक खेळांवरील बंधने देशभर दृढ करण्याच्या कामी पुढाकार घेतला तो स्टॅनफर्डच्याच एका माजी विद्यार्थिनीने. लू हेन्री यांनी १८९८ मध्ये तेथे भूविज्ञानाची पदवी घेतली. ती घेणाऱ्या त्या तेथील पहिल्या स्त्री होत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले हर्बर्ट हूव्हर हे त्यांचे पती. १९२३ मध्ये वॉशिंग्टन येथे त्यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय हौशी क्रीडा महासंघाचा महिला विभाग स्थापन झाला. निवडक चार-पाच जणींना तयार करून प्रेक्षकांसमोर उभे करण्यापेक्षा प्रत्येक मुलीला कोणता ना कोणता खेळ मिळावा, प्रवेशशुल्क, पारितोषिके व दूरचे प्रवास यांना फाटा द्यावा आणि मुलींच्या खेळांची सूत्रे स्त्रियांच्याच हाती असावीत, अशी या विभागाची भूमिका होती. ‘खेळदिन’ हे तिचे मूर्त स्वरूप होय. आसपासच्या तीन-चार महाविद्यालयांच्या मुली एकत्र जमत; परंतु महाविद्यालयवार संघ न करता त्यांची सरमिसळ करून नवे संघ पाडले जात. दिवसाच्या शेवटी चहा-फराळ होई. आपल्या संस्थेसाठी जिंकण्याची इच्छाच उत्पन्न होऊ नये, अशी ही योजना होती. स्टॅनफर्ड, बर्कली व मिल्स या शेजारच्या संस्थांतही १९२० नंतरच्या दशकात हीच प्रथा पडली. १८९६ मध्ये परस्परांविरुद्ध उभ्या राहिलेल्या दोन विद्यापीठांच्या मुली आता एकाच संघात खेळू लागल्या.

या धोरणाचे मूल्यमापन एकांगी होऊ नये. पुरुषांच्या महाविद्यालयीन क्रीडेत तेव्हा पैसा, सट्टा व गैरप्रकार शिरले होते. त्यापासून मुलींचे खेळ दूर ठेवण्याचा हेतू खोटा नव्हता. हजारो सामान्य विद्यार्थिनींना या विचारामुळे मैदान लाभले. तथापि ज्या मुलीच्या अंगी असामान्य कौशल्य होते, तिला ते पारखून घेण्याची जागा त्याने ठेवली नाही. तिच्यापेक्षा गिरणी, विमाकंपनी वा वाणिज्यशाळेच्या संघात खेळणारी मुलगी अधिक मोकळी होती. कॅनडातील एडमंटन ग्रॅड्स हा एका वाणिज्यशाळेच्या माजी विद्यार्थिनींचा संघ १९१५ ते १९४० या काळात जगभर गाजला. टेक्सस राज्यातील वेलंड या लहानशा महाविद्यालयाच्या संघाने १९५३ ते १९५८ या काळात सलग १३१ सामने जिंकले. ज्या संस्थांना प्रतिष्ठेची चिंता कमी, तेथे हा खेळ वाढला, असे दिसते. नियमांतील बंधने मात्र हळूहळू सैल होत गेली. १९३८ मध्ये मैदानाचे तीन भाग जाऊन दोन झाले. प्रत्येक बाजूस सहा खेळाडू, त्यांपैकी तिघी चढाईच्या अर्ध्यात व तिघी बचावाच्या अर्ध्यात, असा खेळ पुढे रूढ झाला. चढाई करणारीने आयुष्यभर बचाव करू नये व बचाव करणारीने टोपलीत चेंडू टाकू नये, असा त्याचा अर्थ होता. पाच खेळाडूंचा व संपूर्ण मैदानाचा खेळ महाविद्यालयांत १९७१ मध्ये मान्य झाला. मधली रेषा ओलांडण्याची मोकळीक मिळण्यास एकूण आठ दशके लागली.

२३ जून १९७२ रोजी अ. सं. सं. त शिक्षणविषयक सुधारणांचा कायदा संमत झाला. त्यातील नववा विभाग (टायटल नाइन) हा केंद्र सरकारचे साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करण्यास प्रतिबंध करतो. त्याच्या शब्दांत खेळांचा उल्लेखही नाही आणि तो संमत करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्रवेश व नोकऱ्या याच बाबी होत्या. परंतु व्यायामशाळा, शिक्षक, प्रवासखर्च व शिष्यवृत्त्या ही शिक्षणसंस्थेचीच साधने असल्यामुळे या तरतुदीचा सर्वांत दृश्य परिणाम क्रीडाक्षेत्रात झाला. १९७५ मध्ये तिचे नियम जाहीर झाले व १९७८ पर्यंत संस्थांना त्यांची पूर्तता करावयाची होती. महिलांच्या आंतरमहाविद्यालयीन क्रीडासंघटनेने (एआयएडब्ल्यू) १९७२ पासून राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा भरविण्यास प्रारंभ केला. पहिली तीन विजेतेपदे फिलाडेल्फियाजवळील इमॅक्युलाटा या जोगिणींनी चालविलेल्या छोट्या महाविद्यालयाने मिळविली. सामन्यांच्या वेळी तेथील जोगिणी बादल्या बडवून संघाला प्रोत्साहन देत. १९८१-८२ पासून पुरुषांच्या स्पर्धा चालविणाऱ्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने (एन्‌सीएए) महिलांच्या स्पर्धाही आपल्याकडे घेतल्या आणि स्त्रियांनी चालविलेली संघटना लवकरच बंद पडली. साधने वाढली, सूत्रे मात्र हातची गेली. १९७२ पूर्वी महिला संघांच्या प्रशिक्षकांत दहांपैकी नऊ स्त्रिया असत; ते प्रमाण पुढे निम्म्याहून खाली आले.

स्टॅनफर्डचा संघ पूर्ण मान्यतेने १९७४-७५ च्या हंगामात उतरला. आरंभी त्याच्या वाट्यास स्त्रियांची जुनी व्यायामशाळा आली. प्रेक्षक तुरळक असत. १९८२ मध्ये नव्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यास प्रवेश मिळाला. परंतु त्यानंतर संघाची घसरण झाली. १९८३-८४ च्या हंगामात त्याने केवळ ५ सामने जिंकले व २३ गमावले. १९८५ मध्ये टॅरा व्हॅन्डरव्हीअर यांची प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. त्या स्वतः इंडियाना विद्यापीठाच्या संघातून खेळल्या होत्या. आपल्या खेळाचे प्रशिक्षण स्त्रियांना पद्धतशीर देणारे तेव्हा फारसे कोणी नसल्यामुळे त्या तेथील पुरुष संघाचा सराव रोज कडेला बसून पाहत व टिपणे काढीत. स्टॅनफर्डमध्ये त्यांच्यापुढील अडचण वेगळीच होती. विद्यापीठाचे प्रवेशाचे शैक्षणिक निकष कडक होते व खेळाडूंसाठी ते फारसे शिथिल केले जात नसत. केवळ उंच व चपळ मुलगी पुरेशी नव्हती. तिचे गुणपत्रकही भक्कम असावे लागे. व्हॅन्डरव्हीअर यांनी हीच अट संघाचे आकर्षण म्हणून देशभरच्या मुलींपुढे मांडली. टेनेसी राज्यातील जेनिफर ॲझी हिने घराजवळचे बलाढ्य विद्यापीठ सोडून स्टॅनफर्ड पत्करले. १९९० मध्ये तिच्याच राज्यातील नॉक्सव्हिल येथे झालेल्या अंतिम सामन्यात स्टॅनफर्डने ऑबर्न विद्यापीठाचा ८८–८१ असा पराभव करून पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. १९९२ मध्ये लॉस अँजेल्स येथे वेस्टर्न केंटकीवर ७८–६२ अशी मात करून दुसरे विजेतेपद मिळविले.

१९९५-९६ च्या हंगामात व्हॅन्डरव्हीअर यांनी विद्यापीठातून रजा घेऊन राष्ट्रीय संघास वर्षभर प्रशिक्षण दिले. सराव-सामने धरून त्या संघाने ६० पैकी ६० सामने जिंकले व अटलांटा ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले. महिला बास्केटबॉलचा ऑलिंपिकमधील समावेश १९७६ मधला, म्हणजे पुरुषांच्या बास्केटबॉलनंतर चाळीस वर्षांनी झालेला आहे. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या वाट्यास एक दारुण पराभवही आला. राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत, स्वतःच्या मैदानावर, गटातील शेवटच्या क्रमांकावरील हार्व्हर्डने त्यास ७१–६७ असे हरविले. अव्वल मानांकित संघ अशा रीतीने हरण्याची त्या स्पर्धेतील ती पहिलीच वेळ होती. दोन प्रमुख खेळाडूंच्या गुडघ्यांचे अस्थिबंध स्पर्धेच्या तोंडावर तुटले होते, हे त्याचे एक कारण होय. गुडघ्याची ही दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा अधिक प्रमाणात आढळते. तिच्या कारणांचा व प्रतिबंधक व्यायामांचा अभ्यास अलीकडे क्रीडावैद्यकात विशेष होत आहे. स्त्रीच्या शरीराचा विचार खेळ थांबविण्यासाठी नव्हे, तर तो निर्धोक करण्यासाठी होऊ लागला, हा शंभर वर्षांतील फरक येथे दिसून येतो. ३० डिसेंबर २०१० रोजी स्टॅनफर्डने कनेक्टिकट विद्यापीठाची सलग ९० विजयांची मालिका ७१–५९ असा विजय मिळवून खंडित केली.

भारतात विद्यार्थिनींचे खेळ निराळ्या वाटेने वाढले. मद्रास येथे १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी सुरू केलेल्या वायएम्‌सीएच्या शारीरिक शिक्षणशाळेतून बास्केटबॉल शिकलेले शिक्षक देशभर गेले. भारतीय बास्केटबॉल महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला. १९२५ मधील आंतरविद्यापीठ मंडळाचे १९७३ मध्ये भारतीय विद्यापीठ संघ असे नामांतर झाले. त्याच्या विद्यमाने विद्यार्थिनींच्या आंतरविद्यापीठीय स्पर्धा विभागवार भरविल्या जातात. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या उदाहरणावरून महाराष्ट्रात स्त्रियांचे उच्च शिक्षण किती लवकर संघटित झाले, ते दिसते. तथापि मैदानाचा प्रश्न पदवीच्या प्रश्नाइतका जिव्हाळ्याचा मानला गेला नाही. बास्केटबॉलला पक्की जमीन, लोखंडी खांब व फळ्या लागतात. त्यामुळे मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांतील महाविद्यालयांतच तो मुख्यत्वे रुजला. अलिबाग-किहीमसारख्या किनारपट्टीच्या गावांत कबड्डीचे मैदान चुन्याच्या चार रेषांनी तयार होते व त्या भागात तो खेळ घरोघरी पोहोचलेला आहे. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला बास्केटबॉल संघाचे नेतृत्व केले आहे. शिक्षणसंस्थांना क्रीडासाधनांच्या समान वाटपास बांधून घेणारा, अमेरिकेतील नवव्या विभागासारखा स्वतंत्र कायदा मात्र भारतात नाही.

अमेरिकेतही कायद्याने सर्व काही साधले असे नाही, हे २०२१ मध्ये उघड झाले. कोरोनाच्या साथीमुळे नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस सँटा क्लॅरा परगण्याने शारीरिक संपर्काच्या खेळांना मनाई केली. आपल्या आवारात सराव करणेही अशक्य झाल्याने स्टॅनफर्डचा संघ दोन महिन्यांहून अधिक काळ परगावच्या उपाहारगृहांत राहून खेळत राहिला. याच भटकंतीत, १५ डिसेंबर २०२० रोजी व्हॅन्डरव्हीअर यांनी टेनेसीच्या पॅट समिट यांचा महिला संघांच्या प्रशिक्षकांतील १,०९८ विजयांचा विक्रम मागे टाकला. मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेसाठी सर्व महिला संघ टेक्सस राज्यातील सॅन अँटोनिओ येथे एकत्र आले. पुरुषांच्या स्पर्धेत खेळाडूंसाठी एक मोठी सुसज्ज व्यायामशाळा उभारली होती. महिलांसाठी हलक्या वजनांची एक लहानशी घडवंची व काही योगासनाच्या चटया एवढेच होते. स्टॅनफर्ड संघाच्या शारीरिक क्षमता-प्रशिक्षक ॲली कर्शनर यांनी या दोहोंची छायाचित्रे शेजारीशेजारी प्रसिद्ध केली आणि ऑरेगन विद्यापीठाच्या एका खेळाडूने चित्रफीत काढून ती जागा दाखविली. देशभर टीका झाल्यावर व्यायामशाळा रातोरात उभी राहिली. पुढे नेमलेल्या चौकशीच्या अहवालात संघटनेने महिलांच्या स्पर्धेचे मूल्य वर्षानुवर्षे कमी लेखल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. पुरुषांच्या स्पर्धेपुरते राखून ठेवलेले प्रसिद्ध नाव व बोधचिन्ह २०२२ पासून महिलांच्या स्पर्धेसही मिळाले व तिच्यातील संघांची संख्या पुरुषांप्रमाणेच ६८ झाली.

त्या २०२१ च्या स्पर्धेत स्टॅनफर्डने उपांत्य सामना ६६–६५ व ॲरिझोना विद्यापीठाविरुद्धचा अंतिम सामना ५४–५३ असा, दोन्ही एकेका गुणाने जिंकला. अंतिम सामन्याची तारीख ४ एप्रिल होती. १८९६ मधील सामन्यास त्या दिवशी बरोबर १२५ वर्षे पूर्ण झाली. तोही सामना एकाच गुणाने जिंकलेला होता.

व्हॅन्डरव्हीअर यांनी २१ जानेवारी २०२४ रोजी १,२०३ वा विजय मिळवून महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील, पुरुष वा महिला, सर्व प्रशिक्षकांत अग्रस्थान मिळविले व एप्रिल २०२४ मध्ये १,२१६ विजयांनिशी त्या निवृत्त झाल्या. हा विक्रम पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये कनेक्टिकटचे जीनो ऑरिएमा यांनी मोडला. १९९६ धरून स्टॅनफर्डने राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी पंधरा वेळा गाठली आहे. व्हॅन्डरव्हीअर यांच्यानंतर संघाची सूत्रे त्यांची पूर्वीची विद्यार्थिनी केट पे यांच्याकडे आली. त्याच वर्षी दूरचित्रवाणीच्या उत्पन्नावरून पश्चिम किनाऱ्यावरील जुनी विद्यापीठमालिका मोडली आणि स्टॅनफर्ड व बर्कली ही दोन्ही विद्यापीठे पूर्वेकडील अटलांटिक किनारा मालिकेत सामील झाली. त्यामुळे साखळी सामन्यांसाठी संघास संपूर्ण खंड ओलांडून जावे लागते. या व्यवस्थेतील पहिल्याच, म्हणजे २०२४-२५ च्या हंगामात स्टॅनफर्डला राष्ट्रीय स्पर्धेत स्थान मिळाले नाही. १९८७ नंतर असे प्रथमच घडले.